जीपगाडीचा दिवा : डायनॅमोपासून ऑल्टरनेटरपर्यंत

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर घोडबंदर नांवाचें एक लहानसें गांव आहे. अरबस्तानांतून गलबतांनीं आलेले घोडे येथें उतरत व त्यांचा व्यापार येथें चाले, त्यावरून या ठिकाणास हें नांव पडलें असें परंपरेनें सांगतात. टेकडीवरील किल्ला पोर्तुगीज अमदानींतला. १७३७ मध्यें तो मराठ्यांच्या हातीं आला आणि त्यानंतर दोन वर्षांनीं, १७३९ मध्यें, चिमाजी अप्पांनीं पलीकडच्या तीरावरील वसईहि जिंकून घेतली. आज तेथें घोडा दिसावयाचा नाहीं. घोडबंदर आतां मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें. जवळूनच मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा महामार्ग खाडी ओलांडतो, आणि घोड्यांच्या जागीं लोखंडी घोडे रात्रंदिवस धांवत असतात. त्यांचें बळ आपण अजूनहि अश्वशक्तींतच मोजतों, हा भाषेचा एक गोड हट्टच म्हणावयाचा.

परंतु हाडामांसाचा घोडा आणि हा लोखंडी घोडा यांत एक मोठा भेद आहे. घोड्यास अंधारांत बरेंच दिसतें. मोटारीस मुळींच दिसत नाहीं. तिचा डोळा म्हणजे तिचा दिवा. त्या दिव्यास वीज लागते, आणि ती वीज मोटारीनें वाटेंत स्वतःच निर्माण करावयाची असते. ही वीज करणारें यंत्र कसें होतें, तें कां बदललें आणि जुन्या जीपगाडींत तें बदलतांना काय साधतें व काय गमवावें लागतें, हा इतिहास वरवर पाहतां कारखान्यांतला वाटेल; पण पावसाळ्यांतल्या काळोख्या रात्रीं ज्याची जुनी गाडी रस्त्यांत बंद पडली आहे, त्याला हा इतिहास चांगलाच जिव्हाळ्याचा आहे.

या इतिहासाचा नायक जीप. १९४० च्या उन्हाळ्यांत अमेरिकेच्या सैन्यानें एका हलक्या, चारहि चाकांना ओढ असणाऱ्या गाडीची मागणी कारखानदारांपुढें ठेवली. बॅन्टम या लहान कंपनीनें पहिला नमुना करून दिला. पुढें विलीस-ओव्हरलँड व फोर्ड या दोन कंपन्यांनीं मिळून महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. युद्ध संपलें, पण जीपचें काम संपलें नाहीं. मुंबईंत १९४५ मध्यें जे. सी. महिंद्र व के. सी. महिंद्र हे बंधु आणि मलिक गुलाम महंमद यांची ‘महिंद्र अँड महंमद’ ही पेढी पोलादाच्या व्यापारांत उतरली होती. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानांत गेले व त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्यें पेढीचें नांव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असें झालें. याच सुमारास अमेरिकेहून जीपचे सुटे भाग आणून त्यांची जोडणी मुंबईस, माझगांव येथें होऊं लागली. पुढें त्या गाडीचे एकेक भाग येथेंच घडूं लागले, आणि जीप हा शब्द मराठींत इतका रुळला कीं, खेड्यांतल्या पोरांस तो परकी वाटेनासा झाला. मामलेदार, वनाधिकारी, पाटबंधाऱ्यांचे इंजिनियर, निवडणुकीचे उमेदवार, आणि साथीच्या दिवसांत गांवोगांव फिरणारे डॉक्टर, सर्वांच्या दौऱ्यांत ही गाडी असे.

मुंबईच्या उत्तरेचा हा खाडीकांठ त्या काळीं मिठागरांचा, कोळ्यांचा व शेतकऱ्यांचा होता. भाईंदर, राई, मुर्धे, उत्तन हीं गांवें. मधून मिठागरांचे चौकोन. आणि आगगाडीचें एक स्थानक. पुढें शहर वाढलें. १९८५ मध्यें नगरपरिषद व २००२ मध्यें महानगरपालिका झाली. २००१ च्या शिरगणतींत सुमारे ५ लाख २० हजार असलेली वस्ती २०११ मध्यें ८ लाखांवर गेली. गाड्या वाढल्या, तसे गाड्या दुरुस्त करणारेहि वाढले. जुन्या जीपा बाळगणारे लोकहि या टापूंत आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाटा येथून दूर नाहींत, आणि जी गाडी आजोबांनीं वापरली ती नातवानें चालू ठेवावी ही हौस कांहीं कुटुंबांत टिकून आहे. अशी जीप मिस्त्रीकडे येते, तेव्हां तक्रार बहुधा एकच असते : दिवे मंद झाले, आणि सकाळीं गाडी सुरू होत नाहीं.

या तक्रारीचें मूळ समजण्यास थोडें मागें जावें लागतें. १८३१ मध्यें मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, लोहचुंबक व तारेचें वेटोळें यांपैकीं एक दुसऱ्यापुढें हालविलें असतां तारेंत वीज उत्पन्न होते. दुसऱ्याच वर्षीं पॅरिसमध्यें पिक्सी नांवाच्या कारागिरानें हातानें फिरविण्याचें यंत्र केलें. त्यांतून निघणारी वीज क्षणांत एका दिशेनें तर क्षणांत उलट दिशेनें वाही. आजच्या भाषेंत ती उलटसुलट वाहणारी वीज. परंतु त्या काळच्या विद्वानांना तिचा उपयोग सुचेना. त्यांना बॅटरीप्रमाणें एकाच दिशेनें वाहणारी वीज हवी होती. तेव्हां अँपिअर या प्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून पिक्सीनें आपल्या यंत्रास एक फिरती कळ जोडली. प्रवाह उलटावयाच्या नेमक्या क्षणीं ती कळ तारांची जोडणी उलटवी, आणि बाहेर येणारा प्रवाह सरळ होई. हीच कळ पुढें कॉम्युटेटर म्हणून प्रसिद्धीस आली. १८६० नंतरच्या दशकांत सीमेन्स व इतरांनीं लोहचुंबकाऐवजीं विजेनेंच चुंबक बनविण्याची युक्ति काढली, व डायनॅमो हें नांव रूढ झालें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. डायनॅमोच्या पोटांतहि वीज उलटसुलटच उत्पन्न होते. निसर्ग तिला तशीच देतो. तिला सरळ करण्याचें काम तांब्याच्या पट्ट्या व कोळशाचे ब्रश हे घासून, झिजून, ठिणग्या सोसून करीत असतात. डायनॅमोची सर्व थोरवी आणि सर्व दुखणीं या एका घासणाऱ्या जागीं सांठविलेलीं आहेत.

मोटारींत वीज आली ती उशीरां. आरंभींच्या मोटारींना कार्बाइडच्या वायूचे दिवे असत आणि त्या सुरू करण्यास पुढें उभें राहून हँडल मारावें लागे. त्यांत कित्येकांचे मनगट मोडले. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंगनें विजेनें सुरू होणारी यंत्रणा बसविली. एकदां विजेचा स्टार्टर आला कीं बॅटरी आली, बॅटरी आली कीं ती भरण्यास डायनॅमो आला, आणि मग दिवे, भोंगा, पाणी पुसणारे वायपर हे सर्व त्या एका डायनॅमोच्या जिवावर राहूं लागले. घरांत एक मिळविता व खाणारीं तोंडें रोज वाढतीं, असा तो प्रकार होता.

युद्धकाळांतील विलीस जीपची विजेची यंत्रणा ६ व्होल्टची होती व तिचा डायनॅमो फार तर ४० अँपिअर प्रवाह देई. म्हणजे एकूण बळ तीनशें वॅटच्या आंतबाहेर. त्याच पिढींतल्या पुष्कळ ब्रिटिश मोटारींना पुढें लुकासचा १२ व्होल्टचा जो डायनॅमो बसे, तो २२ अँपिअरवर थांबे. हिशेब तोच, तीनशें वॅटच्या आसपास. सैन्याला स्वतःलाच हें अपुरें वाटूं लागलें. म्हणून १९५० च्या सुमारास अमेरिकन सैन्यानें घेतलेल्या एम-३८ या पुढच्या जीपमध्यें बिनतारी यंत्रें चालावीं म्हणून २४ व्होल्टची योजना करण्यांत आली.

तथापि डायनॅमोचा खरा दोष त्याच्या एकूण बळांत नाहीं; तो त्याच्या मंद गतींतल्या वागणुकींत आहे. इंजिन सावकाश फिरत असलें कीं डायनॅमोचा दाब बॅटरीच्या दाबापेक्षां कमी पडतो. अशा वेळीं बॅटरींतली वीज उलट डायनॅमोंत शिरून त्याची तार जाळील, म्हणून कटआउट नांवाची कळ दोघांचा संबंध तोडून ठेवते. म्हणजे गाडी गर्दींत उभी असतां डायनॅमो कांहींच देत नाहीं; सर्व भार बॅटरीवर. मोठ्या दिव्यांस सात अँपिअर, वायपरला तीन, मागच्या दिव्यांस दीड-दोन, इंजिनाच्या ठिणगीस तीन-चार, असा पंधरा अँपिअरचा खर्च धरला, तर साठ अँपिअर-तासांची नवी बॅटरी कागदावर चार तास पुरते. जुनी बॅटरी त्याच्या निम्मीं पुरली तरी नशीब. जीप बांधली गेली त्या काळीं रस्ते मोकळे होते; दिवसा दौरा, रात्रीं मुक्काम, असा तिचा क्रम होता. एकेका चौकांत अर्धा अर्धा तास उभें राहण्यासाठीं तिचा डायनॅमो घडविलेला नव्हता.

काशीमीरा येथें महामार्गास घोडबंदर रस्ता मिळतो. श्रावणांतल्या संध्याकाळीं तेथें उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या रांगेंत अशी एखादी जुनी जीप असली, तर तिच्या दिव्यांची पिवळी होत जाणारी ज्योत पाहूनच जाणता माणूस काय चाललें आहे तें ओळखतो. २६ जुलै २००५ या दिवशीं सांताक्रूझच्या वेधशाळेनें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला आणि मुंबई व उपनगरांतल्या वाहनांना रात्र रस्त्यावर काढावी लागली. अशा रात्रीं उंच चाकांच्या गाडीस मोठा मान असतो. पण तो मान तिच्या बॅटरींत प्राण असेतोंवरच.

डायनॅमोवर तोड निघाली ती उलटसुलट विजेच्याच मार्गानें. मोठ्या वीजघरांत तिनें आपला वरचष्मा फार पूर्वींच सिद्ध केला होता. मुंबईपुरतें बोलावयाचें, तर १९१५ मध्यें खोपोली येथें टाटांचें जलविद्युत् केंद्र सुरू झालें. घाटावरून कोसळणाऱ्या पाण्यानें फिरणाऱ्या यंत्रांतून निघालेली उलटसुलट वीज लांब तारांवरून मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. त्या वीजघरांतलें यंत्र आणि मोटारींतला ऑल्टरनेटर हीं एकाच कुळांतलीं. अडचण एवढीच होती कीं, बॅटरीस उलटसुलट वीज चालत नाहीं. ती भरावयाची तर प्रवाह सरळच हवा. तो सरळ करण्यास घासणाऱ्या कळीवांचून दुसरा उपाय सांपडेपर्यंत मोटारीला डायनॅमोच गोड मानून घेणें भाग होतें.

हा उपाय प्रथम सेलेनियमच्या तबकड्यांच्या रूपानें आला. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ज्या गाड्यांना बिनतारी यंत्रें व जादा दिवे असत, अशा कांहीं गाड्यांत ऑल्टरनेटर व सेलेनियमचे मोठाले पंखे बसविण्यांत येत. तें प्रकरण अवजड व महाग होतें. पुढें सिलिकॉनचा डायोड निघाला. हरभऱ्याच्या घाट्याएवढी ही वस्तु विजेस एका दिशेनें जाऊं देते व उलट दिशेनें अडविते. तींत हालणारें कांहीं नाहीं, झिजणारें कांहीं नाहीं. असे सहा डायोड जोडले कीं ऑल्टरनेटरच्या तीन वेटोळ्यांतून येणारी उलटसुलट वीज सरळ होते. १९६० च्या व्हॅलियंट मोटारींत क्रायस्लर कंपनीनें ऑल्टरनेटर नेहमींचा भाग म्हणून दिला आणि पुढच्या कांहीं वर्षांत इतर कारखानदारांनीं तोच मार्ग धरला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें कुर्ल्यास ज्यांच्या मोटारींची जोडणी प्रथम केली, ते हेच क्रायस्लर. भारतांत १९६१ मध्यें मद्रासजवळ पाडी येथें लुकास-टीव्हीएस हा कारखाना निघाला व मोटारीचें विजेचें सामान देशांत होऊं लागलें. तरीहि येथल्या रस्त्यांवर डायनॅमोनें पुढें पुष्कळ वर्षें काढलीं. कारण जुनी गाडी टाकून देण्याची चाल या देशांत कधींच नव्हती.

दोन्ही यंत्रांतला फरक थोडक्यांत असा सांगतां येईल. डायनॅमोंत चुंबक स्थिर असतो व वीज देणारीं जड वेटोळीं फिरतात. म्हणून सर्व प्रवाह फिरत्या भागांतून, म्हणजे कॉम्युटेटर व ब्रश यांच्यांतून, बाहेर आणावा लागतो. ऑल्टरनेटरमध्यें नेमकें उलट आहे. चुंबक फिरतो व वीज देणारीं वेटोळीं भोंवतीं स्थिर बसतात. ब्रश येथेंहि दोन असतात, पण त्यांच्यांतून फक्त चुंबकापुरता दोन-चार अँपिअरचा प्रवाह जातो व तोहि गुळगुळीत कड्यांवरून. म्हणून ते दीर्घकाळ टिकतात. फिरता भाग मजबूत असल्यामुळें त्यास अधिक वेगानें फिरवितां येतें. पुली लहान बसवितां येते, आणि इंजिन मंद चालत असतांहि ऑल्टरनेटर आपल्या पूर्ण बळाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी तरी वीज देऊं शकतो. चौकांत उभ्या राहिलेल्या जीपच्या दृष्टीनें हाच लाभ सर्वांत मोठा. शिवाय बॅटरींतली वीज उलट शिरूं नये हें डायोडच पाहतात, तेव्हां कटआउटचेंहि काम उरत नाहीं.

जुन्या जीपमध्यें हा बदल करण्याची विद्या कोणत्याहि ग्रंथांतून आली नाहीं. ती मिस्त्रींच्या हातांतून आली. १९८३ मध्यें मारुति मोटार रस्त्यावर आली, आणि पुढें तिचे व तिच्यासारख्या इतर लहान मोटारींचे सुटसुटीत ऑल्टरनेटर जुन्या बाजारांत मिळूं लागले, तेव्हां ते जुन्या गाड्यांना बसविण्याची चाल पडली. व्होल्ट आंवरणारा रेग्युलेटर या ऑल्टरनेटरच्या पोटांतच असतो. म्हणून गाडीच्या भिंतीवरची जुनी रेग्युलेटर-पेटी निरुपयोगी ठरते. कांहीं मिस्त्री ती तशीच जागेवर ठेवून आंतल्या तारा परस्पर जोडतात, म्हणजे इंजिनाचें झांकण उघडणाऱ्यास जुनें रूप दिसतें व काम नवें होतें.

काम वाटतें तितकें सोपें मात्र नाहीं, आणि त्यांतील प्रत्येक पायरीमागें कोणाची तरी जळलेली तार असते. पहिली गोष्ट, बॅटरीचें कोणतें टोंक गाडीच्या सांगाड्यास जोडलें आहे तें पाहणें. अमेरिकन जीपांत तें ऋण टोंक असे. पण पुष्कळ जुन्या ब्रिटिश मोटारींत तें धन असे. ऑल्टरनेटर ऋण टोंक सांगाड्यास आहे असें धरूनच बनविलेला असतो. उलट जोडला कीं डायोड क्षणांत जातात. दुसरी गोष्ट व्होल्टची. जीप ६ व्होल्टची असेल, तर ती १२ व्होल्टवर आणतांना दिवे, ठिणगीची कॉइल, भोंगा व वायपरची मोटर बदलावी लागते आणि पेट्रोल दाखविणाऱ्या कांट्यास दाब उतरवून द्यावा लागतो. तिसरी गोष्ट पट्ट्याची. ऑल्टरनेटरची पुली इंजिनाच्या पुलीशीं एका रेषेंत नसेल, तर पट्टा महिन्याभरांत खाल्ला जातो. म्हणून बसविण्याचा कोन लोखंडी पट्टीचा नवा करून, वायसर घालून, दोरीनें रेषा पाहून घ्यावी लागते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, व तीच घाईंत विसरली जाते. जुन्या जीपची सर्व वीज समोरच्या अँमीटरमधून जाते. तो अँमीटर व त्याच्या तारा डायनॅमोच्या मानानें केलेल्या. त्यांतून ६० अँपिअरच्या ऑल्टरनेटरचा प्रवाह सोडला, तर बॅटरी उतरलेली असतां तारा तापतात, त्यांचें कापडी वेष्टण करपतें, आणि दिवा उजळावयाचा सोडून गाडीच पेटते. म्हणून ऑल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी, जाड तार व तिच्यावर फ्यूज टाकणें हें या कामांतलें खरें शहाणपण आहे. ऑल्टरनेटर विकत घेणें हा त्यांतला सोपा भाग. त्याचप्रमाणें इंजिन चालू असतां बॅटरीची तार काढूं नये, आणि गाडीस वेल्डिंग करावयाचें असल्यास ऑल्टरनेटर आधीं सोडवून ठेवावा, हे दोन नियम जाणते मिस्त्री शिकाऊ पोरांस पहिल्याच दिवशीं सांगतात.

बळ फुकट मिळत नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. ६० अँपिअर व १४ व्होल्ट म्हणजे ८४० वॅट. आणि ऑल्टरनेटर खाल्लेल्या बळाचा साठ टक्के भागच विजेच्या रूपानें परत देतो असें धरलें, तर इंजिनाच्या सुमारे दोन अश्वशक्ति त्याच्या पोटीं जातात. ६० अश्वशक्तीच्या जीपला त्या जाणवतीलच असें नाहीं. पण एका पातळ पट्ट्यावर शंभर-सव्वाशें अँपिअरचा ऑल्टरनेटर टांगणाऱ्या हौशी माणसास पट्ट्याचा किंचाळा लवकरच ऐकूं येतो. गरजेचा हिशेब करून त्याच्या दीडपट यंत्र घ्यावें, हा अनुभवाचा तोडगा.

खाडीची हवा हें आणखी एक प्रकरण. मिठागरांवरून येणारा खारा वारा पितळेच्या व तांब्याच्या जोडांवर हिरवी बुरशी आणतो, आणि कितीहि नवें यंत्र बसविलें तरी सांगाड्याशीं झालेला जोड गंजलेला असेल, तर दिवा मंदच राहतो. पुष्कळदां दोष डायनॅमोचा नसतोच. तो एका गंजलेल्या नटाखालीं दडलेला असतो. म्हणून विचारी मिस्त्री आधीं कानस व पॉलिशपेपर हातीं घेतो आणि मग पान्याकडे वळतो. खाऱ्या पाण्यांत बुडालेला ऑल्टरनेटरहि डायनॅमोप्रमाणेंच निकामी होतो. सिलिकॉनला समुद्राशीं झुंजतां येत नाहीं.

आतां दुसरी बाजू. डायनॅमो गेला म्हणजे त्याच्याबरोबर एक हस्तकलाहि जाते. जळलेलें आर्मेचर सोडून त्यांतली तार मोजणें, तितक्याच वेढ्यांची नवी तार खांचांतून बांधणें, वार्निश पाजून तें भट्टींत वाळविणें, कॉम्युटेटर लेथवर गोल करून घेणें व पट्ट्यांमधला अभ्रक करवतीच्या पात्यानें केसभर खालीं घेणें, हें काम डोळ्यांचें, बोटांचें व धीराचें. तें करणाऱ्याच्या हातून एकच डायनॅमो दोन पिढ्या चाले. ऑल्टरनेटरचा रेग्युलेटर गेला कीं दुसरा आणून बसवावयाचा. त्यांत दुरुस्ती कमी व अदलाबदल अधिक. बांधणारे हात कमी झाले म्हणून डायनॅमो महाग पडतो, आणि डायनॅमो महाग पडतो म्हणून बांधणारे हात आणखी कमी होतात. ज्याला मूळ यंत्रच राखावयाचें आहे, त्याची अडचण ही अशी आहे.

कायद्यानेंहि या प्रश्नास एक नवें वळण दिलें. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते व पुढें गाडीची तपासणी होऊन तिची मुदत पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. त्या तपासणींत दिवे उजळ असावे लागतात. दुसरीकडे २०२१ च्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठीं निराळे नियम केले. गाडी मूळ स्वरूपांत असावी, सांगाडा, बांधणी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि ती रोजच्या किंवा धंद्याच्या कामास लावूं नये, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे मालकापुढें दोन वाटा आल्या. जीप ही वारशाची वस्तु मानून प्रदर्शनास व क्वचित् फेरफटक्यास ठेवावयाची, कीं ती गाडीच मानून चालवावयाची? पहिल्या वाटेवर डायनॅमो हा तिचा अलंकार आहे. दुसऱ्या वाटेवर तो तिच्या पायांतली बेडी ठरण्याचा संभव आहे.

या दोन वाटांचा मेळ घालण्याची एक रीत कांहीं मालकांनीं शोधून काढली आहे, आणि ती साधी असूनहि शहाणपणाची आहे. ऑल्टरनेटर बसवितांना जीपच्या अंगास नवें भोंक पाडावयाचें नाहीं. जुन्याच बोल्टांच्या जागीं बसेल असा कोन करून घ्यावयाचा. काढलेला डायनॅमो, त्याची पुली, रेग्युलेटर-पेटी व जुन्या तारा भंगारांत न देतां तेल लावून, कापडांत गुंडाळून, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवावयाच्या. उद्यां कोणी वारस म्हणाला कीं, गाडी होती तशी करा, तर एका दुपारींत ती होते तशी करतां यावी. जें मागें घेतां येतें, त्या बदलाचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. जें मागें घेतां येत नाहीं, त्यालाच हात लावतांना विचार करावा.

भाईंदरच्या लोकांना अशा बदलाचें याहूनहि मोठें उदाहरण रोज डोळ्यांपुढें आहे. बोरीबंदर-कुर्ला मार्गावर १९२५ मध्यें देशांतली पहिली विजेची आगगाडी धांवली; १९२८ मध्यें पश्चिमेकडील मार्गावर कुलाब्यापासून बोरीवलीपर्यंत व १९३६ मध्यें तेथून विरारपर्यंत विजेच्या गाड्या आल्या. भाईंदरवरून जाणाऱ्या त्या गाड्यांची वीज १५०० व्होल्टची व एकाच दिशेनें वाहणारी होती. गाड्या लांबल्या, गर्दी वाढली, आणि ती वीज अपुरी पडूं लागली. तेव्हां टप्प्याटप्प्यानें सर्व मार्ग २५,००० व्होल्टच्या उलटसुलट विजेवर आणण्यांत आला. चर्चगेट-विरार मार्गाचें हें काम २०१२ च्या फेब्रुवारींत पुरें झालें. रूळ राहिले, स्थानकें राहिलीं, खाडीवरून जाण्याची वाटहि राहिली. बदलली ती फक्त तारेंतली वीज. पण त्या बदलावांचून वाढलेल्या गाड्यांचा भार त्या मार्गास पेलला नसता.

जुन्या जीपच्या इंजिनाखालीं मिस्त्री जें करतो, तें याच गोष्टीचें लहान रूप आहे. १८३२ मध्यें पिक्सीच्या यंत्रांतून जी उलटसुलट वीज निघाली व जिचा उपयोग कोणास सुचला नाहीं, तीच शेवटीं आगगाडीस व जीपगाडीस उपयोगीं पडली. मधल्या काळांत तांब्याच्या पट्ट्या व कोळशाचे ब्रश यांनीं घासत घासत माणसाचें काम चालू ठेवलें. त्यांचें ऋण मानूनच त्यांना निवृत्त करावें हें बरें. घोडबंदरच्या टेकडीखालून पावसांत जाणाऱ्या जुन्या जीपचा दिवा पांढरा व स्थिर दिसला, तर समोरून येणाऱ्या पादचाऱ्यास त्यामागचा इतिहास ठाऊक असण्याचें कांहीं कारण नाहीं. त्याला रस्ता दिसला, आणि गाडीस तो दिसला, एवढ्यानें त्या इतिहासाचें काम झालें.